कबुतर दाखवलं की ती दाराकडे बघायची

"पाय बरा होतोय," डॉक्टर म्हणाल्या. "पायाची मला काळजी नाही. मला मुलीची काळजी वाटते."

मला आधी कळलंच नाही. पाय आणि मुलगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं तोवर कोणी बोललं नव्हतं. त्या आमच्या रुग्णालयातल्या बालरोगतज्ज्ञ. ऑपरेशन दुसऱ्या डॉक्टरांनी केलं होतं, या रोज ताप आणि औषधं बघायला यायच्या. त्या दिवशी त्यांनी मला आपल्या खोलीत बोलावून बसायला सांगितलं.

"पण ती काहीच त्रास देत नाही," मी म्हणाले. "सिस्टर सगळ्यांना सांगतात, अशी शहाणी मुलगी वॉर्डात दुसरी नाही."

"तेच म्हणतेय मी. अडीच वर्षांचं मूल आहे. पायाला वजन बांधलंय, हातात सुई आहे, आजूबाजूला सगळे अनोळखी. अशा मुलाने रडायला पाहिजे. ही रडत नाही, बोलत नाही, काही मागत नाही. याला तुम्ही शहाणपण म्हणता?"

मग त्यांनी एक शब्द सांगितला: सेपरेशन अँक्झायटी. आपलं माणूस आपल्याला सोडून जाईल ही भीती. ती प्रत्येक लहान मुलाला असते आणि ती असणं चांगलंच, त्या म्हणाल्या. ही भीती वाटते तोवर मूल रडतं, बोलावतं, भांडतं. बोलावून कोणी येत नाही असं एकदा त्याच्या मनाने घेतलं की ते गप्प होतं. आमची जुई तिथवर पोचली होती.

तुमच्या घरात लहान मूल असेल आणि त्याला घेऊन रुग्णालयात राहायची वेळ तुमच्यावर आली, तर उपयोगी पडावं म्हणून हे लिहिते आहे. पायाच्या आजाराबद्दल थोडंच लिहीन. गप्प होण्याच्या आजाराबद्दल जास्त, कारण त्याबद्दल आम्हाला कोणी सावध केलं नव्हतं.

नव्वदीच्या दशकाचा तो मधला काळ. आम्ही कळंबोलीला सिडकोच्या इमारतीत राहायचो. माझा नवरा दिलीप तळोज्याला रसायनांच्या कारखान्यात शिफ्टमध्ये काम करायचा. मी पनवेलच्या एका छापखान्यात प्रुफं तपासायचे. जुई दिवसभर माझ्या सासूबाईंजवळ असायची. शेजारच्या सुमनमावशी जवळच्याच खाडीकाठच्या गावातल्या. त्यांची शेतं सिडकोत गेली, त्या आमच्या इमारतीत आल्या आणि जुईच्या दुसऱ्या आजी झाल्या.

एका सकाळी जुईने पाय टेकवायला नकार दिला. अंगात ताप होता. आदल्या दिवशी ती जिन्याच्या पायरीवरून उड्या मारत होती, म्हणून आम्हाला वाटलं मुरगळला असेल. जवळच्या डॉक्टरांनाही तेच वाटलं. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, तेल कोमट करून पाय चोळला. संध्याकाळपर्यंत ताप इतका चढला की कपडे बदलायला पाय हलवला तरी ती किंचाळत होती.

रुग्णालयात रक्त तपासलं, सोनोग्राफी केली. सेप्टिक आर्थ्रायटिस निघाला. खुब्याच्या सांध्यात जंतू शिरून पू झाला होता. लहान मुलांत हे होतं, आणि उशीर झाला तर सांधा कायमचा खराब होतो. त्याच दिवशी सांधा उघडून पू काढला. म्हणून पहिली सूचना: ताप असलेलं मूल अचानक हात किंवा पाय हलवेनासं झालं, तर चोळत बसू नका. त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा.

ऑपरेशननंतर ट्रॅक्शन लावलं. पायाला पट्टी गुंडाळून, तिला दोरी बांधून, पलंगाच्या टोकाला वजन सोडतात. सांधा ताणून स्थिर ठेवायला ते लागतं. शिवाय शिरेतून अँटिबायोटिक, तेही काही आठवडे. थोडक्यात, दिवसभर पळणाऱ्या मुलीला पाठीवर बांधून ठेवलं होतं.

वॉर्डाचा नियम होता, पेशंटजवळ एकच माणूस. मी त्यावर पहिल्याच दिवशी भांडले. मी ज्या घरात वाढले तिथे जेवायच्या जागेशेजारी युनियनच्या पत्रकांचे गठ्ठे असायचे. माझी अक्षरओळख मागण्यांच्या यादीवरून झाली आहे. काही चुकलं की समोर कोण उभं आहे ते आधी शोधायचं, ही माझी सवय. समोर वॉर्डाच्या मुख्य सिस्टर उभ्या होत्या.

"मॅडम, एका कॉटला एक माणूस," त्या म्हणाल्या. "नाहीतर इथे वॉर्ड नाही, लग्नाचा हॉल होईल."

त्यांचं चूक नव्हतं, हे मला आता कळतं.

मग आम्ही पाळ्या लावल्या. रात्री मी. सकाळी आई. दुपारी सुमनमावशी, कधी सोसायटीतली आणखी कोणी. संध्याकाळी शिफ्ट असेल तसा दिलीप. माणसं कमी पडली नाहीत. कोणी पेज आणायचं, कोणी धुतलेले कपडे. अशी माणसं शेजारी मिळाली याबद्दल मी आजही ऋणी आहे.

पण निघताना आम्ही सगळे एकच गोष्ट करायचो. ती आम्हाला कोणी शिकवली नव्हती. ती आपल्याकडे सगळ्यांना येते. मूल रडू नये म्हणून त्याला काहीतरी दाखवायचं आणि ते तिकडे बघत असताना सटकायचं.

जुईच्या कॉटशेजारी खिडकी होती, खिडकीबाहेर पत्र्यावर कबुतरं बसायची. "ते बघ कबुतर, ते बघ," असं आई म्हणायच्या, जुई मान वळवायची, आणि मी दाराबाहेर. ती परत वळायची तेव्हा माझ्या स्टुलावर आई बसलेल्या असायच्या. दुपारी मावशी यायच्या, पुन्हा कबुतर, आई गायब. संध्याकाळी दिलीप यायचा, पुन्हा तेच. मी एकदा दारापाशी थबकले तर मावशींनी मला डोळ्यांनी दटावलं आणि नंतर म्हणाल्या, "समोरना गेलीस तं पोर रडंल. बारीक हाय ती, तिला काय कलतं? दोन मिंटांत इसरते."

सुईचंही तसंच. "काही नाही, सिस्टर फक्त हात बघणार." पट्टी बदलायला न्यायचे तेव्हा "आपण गाडीत बसून फिरून येऊ." भेटायला आलेली माणसं तर बिनधास्त सांगायची, "रडलीस ना, तर डॉक्टर अजून एक टोचतील हां."

सुरुवातीला ती खूप रडली. मग नुसती कुरकुरायची. मग थांबली. आम्हाला हायसं वाटलं. "रुळली बघ," दिलीप म्हणाला. सिस्टर म्हणाल्या, "गुड गर्ल." जुईची बोलकी वाक्यं, "बाबा टलक आला", "मला पानी", कधी बंद झाली ते कोणाच्या ध्यानातही आलं नाही. पेज भरवली तर ती तोंड उघडायची, नाही भरवली तर मागायची नाही. सुई टोचताना हात पुढे करायची. एका सकाळी मी केस विंचरत होते तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं. बँकेच्या रांगेत आपण पुढच्या माणसाकडे बघतो, तसं. मी कंगवा खाली ठेवला. पण तेव्हाही मी स्वतःला समजावलं, अशक्तपणा असेल.

डॉक्टरांनी जे पकडलं ते आम्हा कोणाला दिसलं नव्हतं.

"काल मी तिच्याशी खेळायचा प्रयत्न करत होते," त्या म्हणाल्या. "खिडकीकडे बोट करून म्हटलं, जुई, ते बघ कबुतर. तर तिने दाराकडे बघितलं. मी दोनदा केलं. दोन्ही वेळा दार. मला सांगा, अडीच वर्षांचं मूल कबुतर दाखवल्यावर दाराकडे का बघतं?"

मला उत्तर माहीत होतं.

"कबुतर म्हणजे कोणीतरी गेलं," त्याच म्हणाल्या. "तिने बरोबर ओळखलंय. तुम्ही म्हणता तिला काही कळत नाही."

मग त्यांनी मला जे समजावलं ते मी इथे माझ्या शब्दांत देते. मूल सात-आठ महिन्यांचं झालं की आपलं माणूस आणि परकं माणूस वेगळं ओळखू लागतं, तेव्हाच ते आईला चिकटतं. त्यानंतरच्या वर्ष-दोन वर्षांत ते फार मोठी गोष्ट शिकत असतं: दिसेनासं झालेलं माणूस संपत नाही, परत येतं. या खात्रीवर ते पुढे घर सोडून अंगणात जातं, शाळेत जातं, अनोळखी माणसाशी बोलतं. ही खात्री जन्मासोबत येत नाही. ती रोजच्या जाण्यायेण्यातून बांधली जाते. आणि या वयाला घड्याळ नसतं. "उद्या येते" म्हणजे काय ते त्याला ठाऊक नाही.

"घरी बुवा-कुक खेळत होतात ना?" डॉक्टरांनी विचारलं. "चेहरा लपतो, चेहरा येतो. मूल का हसतं? येणार हे त्याला माहीत असतं म्हणून. तुम्ही सगळे गेले काही दिवस नुसतं बुवा खेळताय."

"पण आम्ही परत येतो."

"येता. पण कधी येणार, ते तिला माहीत नाही. आणि जाताना कोणी सांगत नाही. मग तिने कोणावर डोळे ठेवायचे?"

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. या वयाचं मूल सगळ्या गोष्टींचं कारण स्वतःत शोधतं. उड्या मारू नको, पाय मोडेल असं आपण ओरडतो. पाय खरंच दुखतो. मग आई दिसेनाशी होते. मुलाला वाटतं, मी वाईट वागले म्हणून हे झालं.

त्या खोलीतून बाहेर आले तेव्हा मी खूप चिडले होते. सवयीप्रमाणे समोर कोण आहे ते शोधत होते. नियम? सिस्टर? पण कबुतर दाखवायला कोणी नियम केला नव्हता. ती आमची माया होती. मोठ्या माणसाला कोणी असं फसवलं असतं तर आपण त्याच्या बाजूने उभे राहिलो असतो. लहान मुलाला फसवण्यात आपल्याला काही वावगं दिसत नाही, उलट आपण त्याला प्रेम म्हणतो. माझं सरळ म्हणणं आहे की ती फसवणूकच आहे, आणि वय कमी असल्याने ती लहान होत नाही.

उपाय सोपे होते, करणं अवघड. माणसं कमी करायची: फक्त मी, दिलीप आणि आई. जाताना तिच्या समोरून, सांगून जायचं. घड्याळ सांगायचं नाही, घटना सांगायची, म्हणजे "तुझं दूध पिऊन झालं की बाबा येतील." सुई असेल तर सुई म्हणायचं, दुखेल म्हणायचं. आणि रडली तर रडू द्यायचं.

मी छापखान्यातून सुट्टी घेतली. आईंना पटवणं मात्र जड गेलं.

"लेकराला रडवून निघायचं?" त्या म्हणाल्या. "हे कुठलं शास्त्र गं? माझ्याच्याने नाही व्हायचं. मी चार पोरं वाढवली, एकालाही कधी सांगून गेले नाही."

"आई, ती आता रडतही नाही," मी म्हणाले.

त्या पदराने चष्मा पुसत बसल्या. दुसऱ्या दिवशी निघताना त्या जुईसमोर उभ्या राहिल्या आणि सभेत बोलावं तसं म्हणाल्या, "जुई, मी आता घरी चालले. तू जेवलीस, झोपलीस, उठलीस की मी येणार." जुईने त्यांच्याकडे बघितलंही नाही. आई जिन्यापर्यंत जाऊन रडल्या.

काही दिवस काहीच झालं नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण इथेच माणूस सोडून देतो. आम्ही सांगत होतो, जात होतो, सांगितल्याप्रमाणे येत होतो. ती भिंतीकडे बघत होती. मोडलेला विश्वास तापासारखा गोळीने उतरत नाही.

पट्टी बदलायच्या खोलीत पालकांना आत घ्यायचे नाहीत. डॉक्टरांनी सिस्टरना विचारलं, एकदा करून बघू का. सिस्टर म्हणाल्या, "आई असली की पोरं जास्त रडतात मॅडम. मला शांत पोर लागतं, हात स्थिर राहतो माझा." तेही खरं होतं. शेवटी ठरलं की मी डोक्याशी बसेन आणि मधे बोलणार नाही. मी जुईला आधी सांगितलं, "पट्टी काढणार. दुखेल. मी इथेच आहे." पट्टी निघाली तेव्हा तिने माझं बोट धरलं नाही. पण ओठ वाकडे झाले, आणि बऱ्याच दिवसांनी डोळ्यांत पाणी आलं.

"बघा, रडली," सिस्टर म्हणाल्या.

"रडू दे," डॉक्टर म्हणाल्या. सिस्टरनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि काम चालू ठेवलं. पुढच्या वेळी त्यांनी न विचारता माझ्यासाठी स्टूल ठेवलं होतं.

मग तो दिवस आला. मी जुईला सांगितलं होतं, "भात खाऊन झाला की बाबा येणार." भात झाला. हात धुऊन झाला. दिलीप आला नाही. नंतर कळलं, महामार्गावर टँकर आडवा झाला होता आणि कळंबोलीपासून गाड्या उभ्या होत्या. पण तेव्हा काही कळायला मार्ग नव्हता.

जुई दाराकडे बघत होती. माझ्या तोंडावर आलं होतं, "आत्ता येतील हं." तेही खोटंच झालं असतं. मला माहीत नव्हतं.

"जुई," मी म्हणाले, "मी सांगितलं बाबा येतील. ते नाही आले. का, ते मला माहीत नाही."

ती माझ्याकडे वळली. मग मोकळ्या हाताने तिने माझ्या गालावर फाडकन मारलं.

"खोतं," ती म्हणाली. "तू खोतं बोल्ली."

पुन्हा मारलं. मग भोकाड पसरलं. असं रडणं की समोरच्या कॉटवरचं बाळ उठलं आणि त्याच्या आजीने कपाळाला हात लावला. ती रडत होती, मला मारत होती आणि त्याच हाताने माझा पदर मुठीत ओढत होती. मी वाकून तिच्याशेजारी डोकं ठेवलं. सिस्टर धावत आल्या, माझा चेहरा बघून थांबल्या आणि समोरच्या आजींना म्हणाल्या, "दोन मिनिटं. ही पोरगी आज बोलली."

दिलीप आला तेव्हा ती हुंदके देत होती. त्याच्याकडे तिने पाठ फिरवली, जेवढी त्या दोरीने फिरवता आली तेवढी. तो बापडा स्टुलावर बसून टँकरची गोष्ट सांगू लागला. केवढा टँकर, कसा आडवा झाला, पोलीस कसा शिट्टी मारत होता. पोलिसापर्यंत आल्यावर तिने मागे हात करून त्याच्या शर्टाचं बटण धरलं. ते धरूनच झोपली.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना सांगितलं, तिने मला मारलं. त्या हसल्या. "जिच्यावर भरवसा असतो तिलाच मूल मारतं," त्या म्हणाल्या. "परक्याला नाही मारत. गाल फार दुखत नाही ना?"

पुढे सगळं सरळ झालं असं नाही. ट्रॅक्शन सुटलं, आम्ही घरी आलो, आणि घरी आलेली मुलगी तान्ह्या बाळासारखी वागू लागली. अंथरूण ओलं करायची, बाटलीतून दूध मागायची, कडेवरून उतरायची नाही. याला रिग्रेशन म्हणतात, म्हणजे मूल वाढीत मागे जातं. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, ओरडू नका, लाजवू नका, हवं तेवढं बाळ होऊ द्या. तुमच्याकडे असं झालं तर घाबरू नका. पाय पुन्हा टाकायला जसा वेळ लागतो तसाच याला लागतो. पायाचं कौतुक सगळी इमारत करत होती, ती पुन्हा मागायला लागली याचं कौतुक मी एकटीने मनात केलं.

मी कामावर जायला लागले तेव्हा ती रोज दारात रडायची. सगळ्या जिन्याला ऐकू जायचं. मी सांगायचे, "मी जाते. दिवे लागले की येते," आणि तिच्या डोळ्यांदेखत पायऱ्या उतरायचे. एकदा सुमनमावशींनी मला खाली गाठलं.

"तुजा जीव तरी केवरा घट हाय गं," त्या म्हणाल्या. "मना नाय झेपायचं." मग हसल्या. "पन काल मी गुपचूप निंगालू तं तुजी पोर गॅलरीतना वरडली, मावशी, सांगून जा. आक्की बिल्डिंग हसली. परत वर चरून सांगून आयलू, काय करू."

पाय आता पूर्ण बरा आहे, त्याबद्दल ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांचे आभार मानून संपणार नाहीत. ज्या बाईंनी एका गप्प मुलीकडे थांबून बघितलं, त्यांचे आभार कसे मानायचे ते मला अजून सुचलेलं नाही. निदान एवढं करते. तुमच्या शेजारी, वॉर्डात, पाळणाघरात एखादं मूल नको तिथे फार शहाणं वाटलं, तर त्याचं कौतुक करायच्या आधी त्याच्याजवळ बसा.

तेव्हा घरी आल्यानंतरच्या एका रविवारी मी पोळ्या करत होते. बाहेरच्या खोलीत जुई एका उशीला टॉवेल गुंडाळून निजवत होती. उशीचा पाय दुखत होता म्हणे. तिने उशीला औषध दिलं, सुई टोचली, "दुखतं हां" असं सांगितलं. मग उठून उभी राहिली आणि कमरेवर हात ठेवला.

"मी जाते," ती उशीला म्हणाली. "तू रड."

ती गॅलरीत गेली. मी लाटणं हातात धरून बघत राहिले. ती कठड्याला टेकून उभी होती, जरा घाईतच, उशीकडे पाठ करून. मग पळत आत आली आणि उशीवर ओणवी झाली.

"आले."